रॅली झाली, रील्स झाल्या, तरी लोक ऐकत नाहीत? आधी आपल्या गावाचं पाणी मोजा

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. कोल्हापूरजवळच्या एका कॉलेजात बारावीला असलेल्या मुलीनं विचारलंय की त्यांचं निसर्ग मंडळ आहे, 5 जूनला पर्यावरण दिनाची रॅली काढली, पोस्टर स्पर्धा घेतली, इन्स्टावर रील्स टाकल्या, लाईकही बऱ्यापैकी आले, पण गावात एकानंही काही बदललं नाही. घरचे म्हणतात अभ्यास सोडून हे काय लावलंय. हवामान बदलाचं लोकांना समजावायचं तरी कसं आणि आमच्यासारख्या पोरांचं ऐकणार कोण?

मी कोल्हापूर-शिरोळ पट्ट्यात शाळा-कॉलेजच्या पोरांना घेऊन वीसेक वर्षं पाणी आणि नदीवर काम करतेय आणि हा प्रश्न दर पावसाळ्याच्या तोंडावर कुणीतरी विचारतंच, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

लोक ऐकत नाहीत म्हणजे त्यांना काही पडलेली नाही असा अर्थ काढू नका. नदीकाठच्या माणसाला नदीची काळजी असतेच, त्याची जनावरं तिथं पाणी पितात, त्याच्या उसाला तेच पाणी जातं आणि पूर आला की पहिला त्याचाच संसार बाहेर काढावा लागतो. पण 'झाडे लावा झाडे जगवा' हे तो शाळेत असल्यापासून भिंतीवर वाचत आलाय, तेच तुम्ही परत सांगितलं तर तो मान हलवणार आणि वैरण आणायला जाणार. त्याला माहिती नसलेली, त्याच्याच गल्लीची गोष्ट पुराव्यासकट घेऊन गेलात तर तो थांबतो, बसायला सांगतो, चहा पण देतो. माझं सगळं उत्तर खरं तर एवढंच आहे, की आधी मोजा, मग बोला. बाकी सगळा त्याचा तपशील.

आता मोजायचं काय? पाण्यापासून सुरू करा. मी एक उदाहरण देते, शिरोळ तालुक्यातल्या एका गावातलं, तिथं नववी-दहावीच्या मुली होत्या. आम्ही त्यांना एचटूएस बाटल्या दिल्या. ही छोटी काचेची बाटली असते, तिच्यात आधीच औषध असतं, खुणेपर्यंत नळाचं पाणी भरायचं, झाकण घट्ट लावायचं, हलवायची आणि सावलीत उबदार जागी ठेवून द्यायची. पाण्यात मैल्यातले जंतू आलेले असतील तर 24 ते 48 तासांत बाटलीतलं पाणी काळं पडतं, नसतील तर रंग तसाच राहतो. मुलींनी टाकीखालच्या नळाचं, मधल्या गल्लीचं, शाळेचं आणि खालच्या आळीतल्या शेवटच्या घराचं पाणी घेतलं, बाटलीवर पट्टी चिकटवून जागा आणि वेळ लिहिली आणि वर्गातल्या कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाट उघडलं तर खालच्या आळीची बाटली शाईसारखी काळी, बाकीच्या जशाच्या तशा! म्हणजे टाकीत गडबड नव्हती, वाटेत होती. मुली पाईपच्या मागं मागं चालत गेल्या तर एका ठिकाणी पाईपलाईन गटारातूनच गेलेली आणि जोड गळत होता. पाणी चालू असतं तेव्हा पाईपातून बाहेर गळतं, आणि पाणी बंद झालं की आतला दाब संपतो आणि तेच गटाराचं पाणी पाईपात ओढलं जातं, मग सकाळी पहिली घागर त्याचीच भरते.

त्या मुलींनी भाषण केलं नाही, घोषणा दिली नाही. ती काळी बाटली आणि टाकीची साधी बाटली अशा दोन्ही घेऊन संध्याकाळी नळावर बायका पाण्याला आल्या तेव्हा दाखवल्या, कुठली कुठली ते सांगितलं, बस्स. सकाळी त्याच बायका ग्रामपंचायतीच्या दारात उभ्या. जोड त्याच आठवड्यात बदलला गेला. आणि गंमत बघा, त्यानंतर त्या गावात मुली काही सांगायला लागल्या की लोक ऐकायला लागले, गटारात कचरा टाकू नका हे सुद्धा ऐकायला लागले, कारण आता गटार आणि आपली घागर यांचा संबंध डोळ्यांनी बघितला होता.

आमच्या पट्ट्यात हे लोकांना लवकर पटतं त्याला कारण पण आहे. 2012 मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली होती, माणसं दगावली होती, ज्यांच्या घरी झालं ते अजून विसरलेले नाहीत. पंचगंगा प्रदूषण हा पेपरातला विषय वाटतो, पण कावीळ म्हटलं की प्रत्येकाला आपल्या घरातलं कुणीतरी आठवतं. तुमच्या गावात असा धागा कुठला आहे तो तुम्ही शोधायचा.

बाटली काळी पडली म्हणजे काम संपलं असं मात्र नाही, ती एक धोक्याची खूण आहे, पक्कं करायला ग्रामपंचायतीमार्फत नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगायचं. वापरलेली बाटली उघडून गटारात ओतायची नाही, मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली ब्लीचिंग पावडर टाकून मग विल्हेवाट लावायची, हात साबणानं धुवायचे. दुसरी टेस्ट याहून सोपी, ती म्हणजे ओटी टेस्ट. नळीत पाणी घ्यायचं, औषधाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे, नाही झालं तर टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकलेलीच नाही किंवा कमी पडली. हे किट ग्रामपंचायतीत जलसुरक्षकाकडे, म्हणजे गावचं पाणी तपासणाऱ्या माणसाकडे असतं, त्यांच्याशी भांडायला जाऊ नका, त्यांना म्हणा काका आम्हाला शिकवा, आम्ही रोज सकाळी तुमच्याबरोबर शेवटच्या घराचं पाणी तपासतो. त्यांना मदतच होते, त्यांचा पगार किती आणि काम किती हे एकदा विचारून बघा म्हणजे कळेल. आणि ग्रामपंचायतीत एक प्रश्न जरूर विचारा, आपल्या गावाला लाल कार्ड आहे, पिवळं का हिरवं? आपल्याकडे पावसाळ्याआधी आणि नंतर पाण्याच्या स्रोतांची पाहणी होऊन ही कार्डं दिली जातात, लाल म्हणजे साथीचा धोका जास्त. गावातल्या कितीतरी लोकांना आपलं कार्ड कुठलं ते माहितीच नसतं. ते शोधून काढून फळ्यावर लिहिणं हीच केवढी मोठी जनजागृती आहे.

आता हवामान बदल. तुझा खरा प्रश्न हा आहे ते मला कळलंय. ध्रुवीय अस्वल आणि वितळणारा बर्फ दाखवून आपल्याकडे कुणालाही काही होत नाही, आपल्याकडे महापूर आहे ना, तो दाखवा. 2005, 2019, 2021, या तीन सालांबद्दल कोल्हापूर-सांगलीतल्या कुठल्याही माणसाला विचारा, तो तारखेसकट सांगेल. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, आणि 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं, 2021 ला 56 च्या वर. जुनी माणसं आधी 'मच्छिंद्री झाली का', म्हणजे शिवाजी पुलावरच्या ठरलेल्या खुणेला पाणी लागलं का, असं विचारायची आणि त्यावरून अंदाज बांधायची. पण त्यांच्या अंदाजाच्या बाहेर पाणी गेलं म्हणून तर 2019 ला कितीतरी लोक घरात अडकले, मागच्या वेळी इथवर आलं होतं, यंदा पण तिथवरच येईल असं म्हणून बसून राहिले.

इथं तुमच्यासारख्या पोरांसाठी एक फार मोलाचं काम आहे, ते मी नेहमी सुचवते. गल्लीगल्लीत जायचं, म्हाताऱ्या माणसांना विचारायचं की कुठल्या पुराला पाणी कुठवर आलं होतं, घराच्या भिंतीवर, देवळाच्या पायरीवर, विजेच्या खांबावर ती जागा दाखवायला सांगायची, दोन-तीन घरांकडून खात्री करायची, मालकाची परवानगी घेऊन रंगानं खूण करायची आणि साल लिहायचं. मग दुसरा भाग, जो बहुतेक जण करत नाहीत आणि तोच महत्त्वाचा आहे. बंधाऱ्यावर पातळी किती फूट असताना आपल्या गल्लीत पाणी शिरलं होतं हे लोकांच्या आठवणी आणि त्या दिवसांचे पेपर ताडून शोधायचं. वाचनालयात जुने अंक मिळतात, पोरांनी मोबाईलवर काढलेले फोटो असतात, त्यावर तारीख-वेळ असते. त्यावरून एक साधा तक्ता बनतो, की पातळी एवढी झाली की अमुक गल्ली, एवढी झाली की शाळेचा रस्ता बंद, एवढी झाली की दूध संस्थेपर्यंत पाणी. आपत्ती व्यवस्थापनवाले दर तासाला फुटांचा आकडा सांगतात, पण 47 फूट म्हणजे माझ्या गोठ्यात पाणी येणार का नाही हे त्या बाईला कळत नाही. तुमचा तक्ता ते सांगतो. याच्याइतकी उपयोगी रील कुठली असेल?

आणि हे करताना हवामान बदलाचं बोलणं आपोआप निघतं. भिंतीवर तीन खुणा दिसतात, दोन खुणांमध्ये चौदा वर्षं आणि पुढच्या दोनमध्ये फक्त दोन, मग कुणीतरी विचारतंच की हे असं का व्हायला लागलं. तेव्हा सांगायचं, सोप्या शब्दात, की हवा एक डिग्रीनं तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरून ठेवते, मग पाऊस पडतो तेव्हा एकदम कोसळतो. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा 2017 चा अभ्यास आहे, त्यात 1950 ते 2015 या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भागावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं दिसलं, आणि हा पट्टा आपल्या महाराष्ट्रातून जातो. 22 जुलै 2021 ला एकट्या महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस झाला, दुष्काळी भागातल्या कितीतरी गावांना एवढा अख्ख्या वर्षात मिळत नाही. त्याच दिवशी चिपळूण बुडलं आणि महाडजवळच्या तळियेवर डोंगर आला.

पण इथं एक सांगते आणि हे मनापासून सांगते, सगळं हवामान बदलावर ढकलू नका. पूररेषेच्या आत झालेली बांधकामं, नदीपात्राकडेचे भराव, पुलांच्या दोन्ही बाजूचे मातीचे बांध, धरणातून पाणी कधी सोडलं याचा हिशोब, हे सगळं माणसानं इथं केलेलं आहे आणि त्याची जबाबदारी इथंच कुणाची तरी आहे. निळी पूररेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा. तुमच्या गावच्या नकाशावर या रेषा कुठून जातात ते पाटबंधारे विभागाकडून किंवा नगररचनाकडून माहिती घ्या आणि तुमच्या रंगाच्या खुणा त्याच्याशी ताडून बघा. हवामान बदलाचं नाव घेऊन जर स्थानिक चुका झाकल्या जात असतील तर ती जनजागृती नाही. दोन्ही सांगायचं, पाऊस बदललाय हे खरं आणि आपण नदीची जागा खाल्लीय हेही खरं.

पाऊस मोजायला तर काहीच लागत नाही. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या, वरचा भाग कापून उलटा नरसाळ्यासारखा बसवा, तळाला खडे आणि शून्याच्या रेघेपर्यंत पाणी, बाहेरून स्केल चिकटवा, उघड्यावर ठेवा, झाड किंवा पत्र्याजवळ नको. रोज सकाळी साडेआठला वाचायचं, कारण हवामान खातं पण तेव्हाच वाचतं, म्हणजे तुलना करता येते. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, म्हणजे हजार स्क्वेअर फुटांच्या पत्र्यावर 100 मिमी पाऊस पडला तर नऊ हजार लिटरच्या वर पाणी. हे घरात सांगून बघा, टँकरला पैसे मोजलेल्या माणसाचे डोळे कसे मोठे होतात! हवामान खातं 64.5 मिमीच्या पुढं जोरदार, 115.6 च्या पुढं अतिजोरदार आणि 204.5 च्या पुढं अत्यंत जोरदार म्हणतं, तुमच्या बाटलीवर या तीन रेघा वेगवेगळ्या रंगानं मारा.

मोजलेलं सांगायचं कुठं हाही प्रश्न आहेच. आमचा अनुभव सांगतो की आपल्याकडे सगळ्यात भारी जागा दूध संस्था. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक घरातलं कुणीतरी किटली घेऊन येतंच, रांगेत थांबतं, बोलतं. तिथं एक फळा मागून घ्या, कालचा पाऊस, नदीची पातळी, पाण्याची टेस्ट, तीन ओळी, रोज. एक दिवस लिहायला विसरलात तर माणसं विचारतील आज का नाही, तेव्हा समजा की काम लागू पडलं. दुसरी जागा तालीम, म्हणजे गल्लीतल्या पोरांचा आखाडा, आणि गणपती मंडळं. कॉलेजची पोरं मंडळांना नावं ठेवतात आणि वेगळी चूल मांडतात, मला ते अजिबात पटत नाही. पुरात पहिल्यांदा नाव आणि दोर घेऊन कोण उतरतं? तालमीचीच पोरं. त्यांना बरोबर घ्या, खुणांचं काम त्यांच्याच हातानं होऊ दे.

तिसरी जागा ग्रामसभा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर या तारखांच्या आसपास ग्रामसभा होतात, तुमचा विषय आधी लेखी द्या, पोहोच घ्या, आणि सभेत एकच मागणी ठेवा. खालच्या आळीचा पाईप गटाराबाहेरून घ्या. बस्स. दहा मागण्यांचं निवेदन दिलं की फोटो निघतो आणि कागद फाईलला लागतो. आकडे लागत असतील तर माहिती अधिकार आहे, दहा रुपये फी, 30 दिवसांत उत्तर, आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत लागतो. अर्ज मंडळातल्या अठरा पूर्ण झालेल्या मेंबरच्या किंवा एखाद्या शिक्षकांच्या नावानं करा.

रील्स बंद करा असं मी म्हणत नाहीये, त्या कराच, फक्त मोजलेल्या गोष्टीच्या करा. एका रीलमध्ये एक गोष्ट आणि शेवटी बघणाऱ्यानं आज काय करायचं ते. आपल्या बोलीत बोला, बातम्या वाचल्यासारखं नको. आजीला बोलू द्या, ती 2005 चं सांगताना जी थांबते ना, त्याच्यापुढं कुठलंही बॅकग्राऊंड म्युझिक फिकं आहे. आणि कुठल्याही कारखान्याचं, माणसाचं नाव घेऊन पुराव्याशिवाय काही टाकू नका, यानं तुम्ही पण अडचणीत येता आणि खरं असलेलं कामही संशयात जातं.

सणांचं पण थोडं सांगते कारण पोरं तिथं हमखास अडखळतात. होळीला लाकूड जाळू नका, गणपतीत हे करू नका, दिवाळीत ते करू नका, अशी नुसती नकारघंटा वाजवली की आमच्याच सणावर का असं लोक म्हणणार. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची 'होळी लहान करा, पोळी दान करा' ही मोहीम कोल्हापुरात पोरांनी उचलून धरली. का चालली? कारण पोरं दारात येऊन पोळ्या गोळा करून नेतात, त्या भुकेल्या माणसाच्या पोटात जातात, बाईला हातानं काहीतरी द्यायला मिळतं. पंचगंगेऐवजी इराणी खणीत किंवा कुंडात विसर्जन हेही असंच, आरती होते, निर्माल्य वेगळं घेतलं जातं, मूर्तीचा मान राखला जातो, मग लोक येतात. भावनेला जागा ठेवून पर्याय पुढं करायचा.

उसाच्या पाचटाचं तर तुमच्या घरातच करता येईल. तोडणी झाली की काडी लावायची सवय आहे, धूर सगळ्या गावावर. वडिलांना प्रदूषणाचं लेक्चर देऊ नका, फक्त म्हणा खोडव्यात दोन सरी मला द्या. पाचट सरीत दाबायचं, वर युरिया, सुपर फॉस्फेट आणि कुजवायचं जिवाणू कल्चर टाकायचं, पाणी द्यायचं. उन्हाळ्यात त्या दोन सरींची माती आणि शेजारची माती हातात घेऊन बघू द्या, तण किती आलं, पाण्याची पाळी किती दिवसांनी लागली ते वहीत लिहा. शेतकरी शेतात बघितलेलं मानतो.

झाडांबद्दल मी जरा कडक आहे. 5 जूनला खड्डा काढून रोप लावून फोटो काढणं बंद करा, तेव्हा आपल्याकडे अजून धड पाऊस पण लागलेला नसतो. चांगला पाऊस होऊन जमीन भिजली की लावा, आणि जेवढी दोन उन्हाळे जगवता येतील तेवढीच. करंज, उंबर, अर्जुन, बहावा, काटेसावर अशी आपली झाडं लावा. आणि पठारांवर, सड्यांवर, माळावर झाडं लावायला जाऊ नका! कास असो नाहीतर आपलं मसाई पठार, तिथली गवतं आणि पावसाळी फुलं हेच तिथलं जंगल आहे, त्यावर खड्डे पाडून रोपं लावणं म्हणजे नुकसान करणं. राधानगरी अभयारण्य 2012 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, तुमच्या वर्गातल्या किती जणांना हे माहितीये ते विचारून बघ, तिथूनही जनजागृती सुरू करता येईल.

आता ऐकणार कोण. मोठ्या पातळीवरची दोन उदाहरणं देते, दोन्ही तरुणांची. 2020 ला केंद्र सरकारनं पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या, म्हणजे प्रकल्पाआधी त्याचा निसर्गावर काय परिणाम होईल ते तपासण्याच्या, नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला, लोकांच्या हरकती मागवल्या, पण मसुदा हिंदी-इंग्रजीत. ज्यांच्या गावात खाण येणार त्यांना तो वाचताच येत नव्हता. दिल्ली उच्च न्यायालयानं 30 जून 2020 ला तो राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या सगळ्या 22 भाषांमध्ये द्यायला सांगितलं आणि हरकतीची मुदत 11 ऑगस्टपर्यंत वाढवली. देशभरातल्या कॉलेजच्या पोरांनी लॉकडाऊनमध्ये घरात बसून मसुद्याचे सारांश आपापल्या भाषेत केले, कुठलं कलम का घातक आहे ते समजावलं आणि लाखोंनी हरकती गेल्या. रस्त्यावर कुणीच उतरू शकत नव्हतं, तरी एवढं झालं. दुसरं मुंबईतलं आरे. 4 ऑक्टोबर 2019 च्या रात्री तिथं मेट्रोच्या कारशेडसाठी झाडं तोडायला सुरुवात झाली, तरुण पोरं-पोरी धावत गेली, 29 जणांना अटक झाली. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, ते पत्रच याचिका मानून सर्वोच्च न्यायालयानं 7 ऑक्टोबरला तोड थांबवली. पण तोवर दोन हजारांच्या वर झाडं गेली होती. त्या पोरांबद्दल मला अपार आदर आहे, आणि त्याचबरोबर एक गोष्ट मी प्रत्येक बॅचला सांगते, की झाडावर नोटीस लागते तेव्हा, हरकतीची मुदत चालू असते तेव्हाच पोहोचा. शहरात झाड तोडायच्या आधी वृक्ष प्राधिकरणाची जाहीर नोटीस असते, ती वाचणारी चार पोरं प्रत्येक प्रभागात हवीत. करवतीच्या आवाजाला गेलं की उशीर झालेला असतो.

सुरक्षिततेचं मात्र अजिबात हलक्यात घेऊ नका. पुराच्या पाण्यात खुणा बघायला किंवा शूट करायला उतरायचं नाही, खुणा उन्हाळ्यात करायच्या. वाळू उपसा, सांडपाण्याचे पाईप अशा ठिकाणी एकट्यानं किंवा संध्याकाळनंतर जायचं नाही, मुलींनी तर नाहीच नाही आणि मुलांनी पण नाही, बरोबर शिक्षक किंवा गावातला जाणता माणूस हवाच.

राहिला घरच्यांचा आणि अभ्यासाचा प्रश्न. अकरावी-बारावीला 'पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा' हा विषय तुम्हाला आहेच आणि त्याला प्रकल्प पण आहे. पोरं तो झेरॉक्सच्या दुकानातून रेडीमेड आणून उतरवतात, त्यात कुणाचाही फायदा नाही. तुमच्या पाण्याच्या नोंदी, पुराचा तक्ता, पावसाचा आलेख, हाच प्रकल्प म्हणून लिहा, सरांशी आधी बोलून घ्या, मग घरी सांगायला सोपं जातं की हे अभ्यासाचंच चाललंय. रोजचं काम वाटून घेतलं तर एकाला दहा मिनिटांच्या वर लागत नाहीत. आणि जानेवारीत तुमची प्रॅक्टिकल आणि बोर्ड जवळ आले की वही अकरावीच्या पोरांच्या हातात द्या, आत्तापासूनच त्यांना बरोबर घ्या, नाहीतर तुम्ही पास झालात की फळा कोरा पडतो, असं मी कितीतरी गावांत बघितलंय.

कधीकधी पोरं मला विचारतात, मॅडम, एवढं सगळं करून पृथ्वीचं तापमान कमी होणार आहे का? नाही होणार, आपल्या एका गावानं नाही होणार, त्यासाठी कोळसा, वीज, वाहतूक यांचे मोठे निर्णय लागतात आणि ते निर्णय घेणाऱ्यांना मतं तुम्हीच देणार आहात, पुढच्या वर्षीपासून. तोवर पुराची पातळी कळल्यामुळं एखाद्या म्हातारीला वेळेत उचलून आणलं गेलं तर ते माझ्या लेखी खूप आहे.

तेव्हा या आठवड्यात तुम्ही सगळे बसून एकच विषय ठरवा, पाणी का पूर, दोन्ही एकदम घेऊ नका. पाणी घेतलंत तर आधी ग्रामपंचायतीत जाऊन किट कुणाकडे आहे ते बघा, पूर घेतलात तर प्रत्येकानं आपल्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या माणसाचं नाव लिहून आणा. महिनाभराच्या नोंदी झाल्या की मला पाठवा, आकडे कसे मांडायचे ते आपण बसून बघू.